यूहोच्या रायफलचा बोल्ट

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण जे लिहितोय, त्यातला एक शब्दही पदरचा नाही. फक्त नावं बदलली आहेत. का बदलली, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे.

ही दुपारी घडली.

आमच्या फिनलंडमध्ये, वर काइनूच्या जंगलात, नोव्हेंबर लागला की दुपारी कॉफी पितानाच दिवा लावावा लागतो. त्या अंधाराला दुपार म्हणायचं की रात्र, ते तुम्ही ठरवा. गेल्या नोव्हेंबरातला शनिवार होता. गेलेल्या माणसांच्या आठवणीचा दिवस. त्या दिवशी झाडून सगळी घरं दफनभूमीत जातात आणि आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात.

मी गेलो नाही.

गुडघा दुखतोय, असं सांगितलं.

माझं नाव योर्मा समजा. कुओपियो शहरात माझं चष्म्यांचं दुकान आहे आणि मला एकच व्यसन आहे, जुन्या लष्करी रायफली. बोल्टवाल्या. एक गोळी झाडली की दुसरीसाठी हातानं बोल्ट ओढावा लागतो, तशा. माझी बायको हेल्का म्हणते, "याच्यापेक्षा सवत परवडली असती. तिला तेल तरी कमी लागलं असतं."

नेम मारायचं वेड मला नाही. वेड आहे ते प्रत्येक रायफलची कुळकथा काढायचं. कुठल्या कारखान्यात घडली, कुठल्या तुकडीला मिळाली, कुणाच्या खांद्यावर झिजली. नळीवरचे ठसे खडू चोळून वाचायचे, भिंगाखाली धरायचे, संग्रहालयातल्या लोकांना फोन करकरून भंडावून सोडायचं. लाकडावरचा एक ओरखडाही पुसायचा नाही. आमच्यात एकानं जुन्या रायफलला चकचकीत पॉलिश केलं होतं. त्याला अजून कुणी कॉफी विचारत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आकडा.

बोल्ट म्हणजे रायफलचं दारच. वर, मागे, पुढे, खाली... एवढं हललं की गोळी आत जाऊन कडी लागते. नळीवर जो आकडा ठोकलेला असतो तोच बोल्टवर असेल, तर संग्राहकाच्या अंगावर मूठभर मांस चढतं. दुसराच बोल्ट असेल तर ती रायफल म्हणजे शेजारणीची कवळी लावलेली म्हातारी.

हे एवढं समजलं की माझा गुन्हा समजेल.

हेल्काचे वडील एल्यास. वय ऐंशीच्या पुढचं, पण लाकडं स्वतः फोडायचे. काइनूत तळ्याकाठच्या जुन्या शेतघरात एकटेच राहायचे. काही वर्षांपूर्वी धान्याच्या कोठाराचा माळा साफ करताना त्यांना तुळईमागे एक रायफल सापडली. त्यांच्या वडिलांची, यूहोची. युद्धानंतर लष्कराकडे जमा करायची होती ती त्यानं केलीच नव्हती. आम्ही ती रीतसर पोलिसांत दाखवली आणि माझ्या संग्रहाच्या परवान्यावर ती माझ्याकडे आली.

दुर्मीळ होती. नळी अशी की पाहत राहावं.

पण बोल्ट नव्हता.

"बोल्ट आईनं लपवला," एल्यास म्हणाले होते. सान्नी त्यांची आई. "कुठं, ते तिच्याबरोबर गेलं. आणि ऐक जावईबापू. दुसरा बसव, नाहीतर तशीच भिंतीला टांग. पण तिचा स्वतःचा बोल्ट शोधायचा नाही. शब्द दे."

"का हो, बाबा?"

"आईला काहीतरी कारण असेल. ती बिनकारण भांडंसुद्धा हलवायची नाही."

मी शब्द दिला. शब्द द्यायला काय लागतं!

आता त्या घराबद्दल सांगतो.

त्या घरात आवाज येत.

बसलोय कॉफी प्यायला, आणि स्वयंपाकघरातला खण... हळूच सरकायचा. पिठाच्या पेटीचं झाकण... वर जाऊन खाली बसायचं. माळ्यावरची फळी उचकटल्यासारखी वाजायची. कपाट, लाकडांची पेटी, सौनातल्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातल्या, बाकाखालची जागा. एकामागून एक.

जाऊन पाहिलं तर कुणी नाही.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला पाव कॉफीत पडला. हेल्का हसली.

"घाबरू नको. आजोबा आहेत. शोधतायत."

"काय शोधतायत?"

"बोल्ट. जिवंत होते तोवर शोधत होते, अजून शोधतायत. चिवट आहे आमचं घराणं."

एल्यास तर चक्क ओरडायचे, "बाबा, तो खण कालच पाहिलात!" आणि खण बंद व्हायचा. माणसाला कशाचीही सवय होते. मलाही झाली.

पण मी संशोधन करणारा माणूस. जिथं आवाज आहे तिथं इतरांचे कान जातात. माझं लक्ष जिथं आवाज नाही तिथं जातं.

शुक्रवारी आम्ही काइनूला पोचलो. मी यूहोची रायफल बरोबर आणली होती. तिच्या लाकडावर कोरलेली एक खूण एल्यासना दाखवायची होती. जेवताना मी सहज विचारलं, "बाबा, तुमचे वडील अंगणातल्या प्रत्येक इमारतीत शोधतात का हो?"

"सगळीकडे. कोठार, सौना, तबेला."

"आणि गोठा?"

एल्यास खो खो हसले. "गोठ्यात? माझा बाप? अरे, आमच्या वेळी गोठा म्हणजे बायकांचं राज्य. दूध काढताना पुरुष दिसला तर पंचक्रोशीत तोंड दाखवायला जागा नाही. एकदा आई तापानं फणफणली होती. गाई हंबरत होत्या. बापानं बर्फातून जाऊन शेजारीण आणली, पण स्वतः उंबऱ्याच्या आत पाय नाही ठेवला!"

हेल्का म्हणाली, "असले पुरुष आता मिळत नाहीत, देवाची कृपा."

सगळे हसले. मीही हसलो.

पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता.

सान्नीला तिचा नवरा पुरता ठाऊक होता. तो जिथं मेला तरी जाणार नाही, अशी एकच जागा त्या वाडीत होती.

दुसऱ्या दिवशी गुडघा दुखायला लागला तो त्यामुळे.

"गुडघा की बहाणा, जावईबापू?" एल्यासनी मेणबत्त्या पिशवीत भरता भरता विचारलं.

"खरंच हो, बाबा. माझ्या वाटची एक मेणबत्ती लावा."

गाडी वळणाआड गेली आणि मी उठलो. बाहेर उजेड मावळत आला होता. गोठा कित्येक वर्षं रिकामा होता, तरी आत जनावरांचा वास होता. सोबत मी लोहचुंबक नेलं होतं. ओंडक्यांच्या भिंतीत, दोन ओंडक्यांमधल्या फटीत शेवाळ कोंबलेलं असतं, वारा लागू नये म्हणून. जिथं गाय बांधायचे त्या खुंट्याच्या वर, बसून दूध काढणाऱ्या बाईचा हात सहज पोचेल अशा उंचीवर...

चुंबक भिंतीला चिकटलं.

शेवाळ उपसलं. आत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. फडकं गाईच्या सडांना लावायच्या मलमात भिजवलेलं. म्हणून गंजाचा ठिपका नव्हता.

टॉर्चच्या उजेडात आकडा वाचला.

तोच होता.

मी त्या गोठ्यात लहान पोरासारखा नाचलो, हे कबूल करतो. दिलेला शब्द त्या वेळी मला आठवलासुद्धा नाही. किंवा आठवला, आणि वाटलं, यूहो म्हाताऱ्याला खूश करू. तुटलेली जोडी जुळवली, यात वाईट काय?

मी बोल्ट घेऊन घरात आलो. बाजूच्या खोलीत बाकावर रायफल होती. बोल्ट आत सरकवला.

वर, मागे, पुढे, खाली.

लोण्यातून सुरी जावी तसा गेला. मग सवयीप्रमाणे बोल्ट उघडा ठेवला. घरात रायफल असेल तर आमचा पहिला नियम तोच. घरात गोळी तर एकही नव्हती. वर कांबळं टाकलं आणि बाहेर येऊन कॉफी चढवली.

हेल्का आणि एल्यास परत आले. आम्ही टेबलाशी बसलो. खिडकीबाहेर मिट्ट काळोख. एल्यासनी इकडच्या रीतीप्रमाणे चीजचा तुकडा कॉफीत टाकला.

आणि मग...

काहीच नाही.

खण नाही. झाकण नाही. फळी नाही.

हेल्कानं मान वर केली. "आज आजोबा गप्प?"

"थंडी आहे," मी म्हणालो. काय बोलतोय ते मलाच कळेना. भुताला कसली थंडी!

एल्यास ऐकत होते. चमचा तसाच हातात. त्या घरात मी पहिल्यांदाच भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकली. एरवी ती कधी ऐकूच यायची नाही, इतके ते आवाज अंगवळणी पडले होते.

मी त्यांना कॉफी ओतायला हात पुढे केला.

एल्यासनी माझं मनगट धरलं. हात नाकाशी नेला.

"सडांचं मलम," ते हळू म्हणाले. "हा माझ्या आईच्या हातांचा वास आहे."

चोराच्या मनात चांदणं. माझा चेहराच सगळं बोलला असणार.

"कुठं आहे?"

"बाबा, मी फक्त..."

"रायफल कुठं आहे, योर्मा?"

जावईबापू नाही. योर्मा.

आम्ही तिघं बाजूच्या खोलीत गेलो. दिवा लावला.

बाकावर कांबळं होतं. व्यवस्थित घडी केलेलं.

रायफल...

खिडकीशी होती. नळी चौकटीला टेकवलेली. तळ्याकडून वर येणाऱ्या पायवाटेवर रोखलेली.

बोल्ट बंद होता. मागचा खटका ओढलेला. झाडायला तयार.

हेल्का ओरडली, "योर्मा, हा काय चावटपणा आहे?"

"मी नाही ठेवली. शप्पथ. मी बोल्ट उघडा ठेवला होता."

मी पुढे होऊन बोल्ट ओढला. आत गोळी नव्हती. पण बोल्टची मूठ गरम होती. त्या गार खोलीत, कुणीतरी बराच वेळ हातात धरल्यासारखी.

एल्यास खाली बसले. मग त्यांनी पोटच्या पोरीलाही कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली.

"बाप युद्धावरून आला, पण पुरता आला नाही. संध्याकाळ झाली की या खिडकीशी बसायचा. तळ्याकडून शत्रू येणार म्हणायचा. मी आठ वर्षांचा होतो. तळ्यावरून मासे घेऊन येत होतो, बादलीत. बापानं गोळी झाडली."

हेल्काचा हात तोंडाशी गेला.

"बादलीला लागली. मासे मातीत तडफडत होते आणि मी त्यांच्याकडे बघत उभा. बापानं पुन्हा बोल्ट ओढला. तो आवाज मला ऐकू आला. तेवढ्यात आई त्याच्या अंगावर पडली. त्याच दिवशी तिनं बोल्ट लपवला. त्यानं मारलं, शिव्या दिल्या, रडला, पाया पडला. तिनं सांगितलं नाही. तो मरेस्तोवर शोधत राहिला आणि मेल्यावरही."

"बाबा, मला ठाऊक असतं तर..."

"तुला ठाऊक नव्हतं. पण शब्द दिला होतास की नाही?"

मी बोल्टवरचा हात मागे घेतला.

"मी या घरात एकटा झोपतो," एल्यास म्हणाले. "लोक विचारतात, भीती नाही वाटत? नव्हती वाटत. शोधत होता ना तो! शोधतोय तोवर तो कुठं आहे ते मला ऐकू यायचं. आता कुठं आहे?"

घड्याळ टिकटिकत होतं.

"तळ्यात टाक तो बोल्ट. आत्ता जा. खोल पाण्यात."

मी बोल्ट काढला आणि टॉर्च घेऊन निघालो. ती पायवाट उतरताना माझ्या पाठीला डोळे फुटले होते. काठाला बर्फाची पातळ साय धरली होती, पुढं काळं पाणी. मी फळ्यांच्या धक्क्याच्या टोकाशी गेलो.

हात वर उचलला.

आणि एकदाच, शेवटचं म्हणून, आकडा पाहिला.

इतका स्वच्छ ठसा. सगळ्या देशात अशा जोड्या उरल्यात किती? संग्रह करणाऱ्याला विचारा, तो सांगेल. हात उघडत नाही. पोटचं पोर टाकून दे म्हणावं तसं होतं.

मी धक्क्यावर पडलेला एक दगड उचलला आणि लांब फेकला.

छपाक.

आवाज घरापर्यंत गेला. हेल्का दारात उभी होती. तिनं ऐकला.

बोल्ट माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होता.

सकाळी लाकडं आणतो म्हणून मी बाहेर पडलो. मनात हिशोब पक्का होता. सान्नीनं निवडलेली जागा इतकी वर्षं टिकली, पुढंही टिकेल. यूहो जिवंतपणी गोठ्यात शिरला नाही, आता काय शिरणार! आणि कधीतरी पुढं, एल्यास नसतील तेव्हा... हो, असंही माझ्या मनात आलं. लिहितानाही लाज वाटते.

फडक्यात गुंडाळून बोल्ट फटीत सरकवला. शेवाळ कोंबत होतो.

मागं...

उंबऱ्यापाशी कुणीतरी थांबलं.

पाऊल वाजलं नाही. श्वास नाही. पण दारातून येणारा वारा बंद झाला, माणूस आडवा उभा राहिल्यावर होतो तसा.

मी वळून पाहिलं नाही. हिंमत झाली नाही. थोड्या वेळानं वारा पुन्हा मानेला लागला.

तेव्हाच बोल्ट काढून तळ्याकडे धावायला हवं होतं. मी लाकडं उचलली आणि घरात गेलो.

निघताना हेल्का वडिलांच्या मागं लागली. "बाबा, आमच्याकडे चला. निदान हिवाळाभर तरी."

एल्यासनी माझ्याकडे पाहिलं. "बोल्ट तळ्यात गेला ना?"

"गेला," मी म्हणालो.

"खोल पाण्यात?"

"खोल पाण्यात."

"मग कशाला घर सोडू?" त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. "जा तुम्ही. रस्ता निसरडा आहे, सांभाळून."

मी रायफल गाडीत टाकली आणि आम्ही कुओपियोला परतलो. वाटेत हेल्का एकच वाक्य बोलली.

"माझ्या बाबांपेक्षा तुला एक आकडा मोठा वाटला."

पुढं ती दर रविवारी फोन करायची. मी शेजारी बसून ऐकायचो.

"आवाज येतात का, बाबा?"

"नाही. सगळं शांत. तेच कळत नाही. बोल्ट तळ्यात गेला, तर म्हाताऱ्यानं पुन्हा शोधायला हवं. शोधत का नाही?"

हेल्कानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "छपाक आजोबांनीही ऐकलं असेल. कळलं असेल, आता काही मिळत नाही."

फोनवर एल्यास हसले. "जावईबापू म्हणतात तेही खरं."

पुन्हा जावईबापू! धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

नाताळात आम्ही गेलो. एल्यास कॉफीला नळाचं पाणी वापरायचे नाहीत. तळ्याकाठच्या झऱ्यावरून दोन बादल्या आणायचे, भर बर्फातही. मी खिडकीतून पाहत होतो. पायवाट चढताना ते मोठ्यानं म्हणाले,

"बाबा, मी एल्यास आहे. तुमचा एल्यास."

आणि चालत राहिले.

हेल्कानं त्यांना दारातच गाठलं. "हे काय, बाबा?"

"उगाच. शांतता असली की बोलावंसं वाटतं. सांगितलेलं बरं. त्या खिडकीतून त्यानं मला आठ वर्षांचा पाहिलाय, आता या सुरकुत्या कशा ओळखेल?"

"मग हातही वर करायचे, सिनेमात करतात तसे," हेल्का डोळे पुसत चेष्टेनं म्हणाली.

"दोन्ही हातांत बादल्या असतात, पोरी! हात काय वर करू? नाव सांगतो, तेवढं बास आहे."

त्या दुपारी मी गोठ्यात गेलो. शेवाळ जागेवर होतं. बोल्टही होता. तळं गोठून पांढरं पडलं होतं, पण मासे धरायला बर्फात पाडलेलं भोक उघडं होतं. दहा मिनिटांचं काम होतं. मी बोल्ट हातात घेतला. पुसला. आकडा पाहिला.

आणि परत ठेवला.

बाहेर पडताना उंबऱ्याकडे लक्ष गेलं. माझ्या बुटांचे ठसे होते. शेजारी, उंबऱ्याला अगदी लागून, बर्फ दाबला गेला होता. कुणीतरी तिथं पुष्कळ वेळ उभं राहिल्यासारखा. उंबऱ्याच्या बाहेर. आत नाही.

मी स्वतःला समजावलं... एल्यासच असतील.

जानेवारीत केर्त्तूचा फोन आला. केर्त्तू म्हणजे शेजारीण, एल्यासच्या घरावरून रोज स्कीवर जायची.

एल्यास पायवाटेवर सापडले. घराच्या बरेच जवळ, बाजूच्या खोलीच्या खिडकीसमोर.

डॉक्टर म्हणाले, हृदय. या वयात, इतक्या थंडीत, ओझं उचलून चढण चढले. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. सगळ्यांना पटलं. मलाही पटायला हवं होतं.

पण आम्ही पोचलो तेव्हा केर्त्तू मला बाजूला घेऊन म्हणाली,

"योर्मा, मला एक कळत नाही. माणूस कोसळतो तेव्हा हातातलं सांडतं ना?"

बादल्या अजून पायवाटेवरच होत्या. कुणी हलवल्या नव्हत्या.

दोन्ही सरळ उभ्या. शेजारी शेजारी. काठोकाठ भरलेल्या, वर बर्फ धरलेला. आजूबाजूला एक थेंब सांडला नव्हता.

"आणि हात," केर्त्तू म्हणाली. "दोन्ही डोक्याच्या वर. पंजे उघडे. असे."

तिनं करून दाखवलं.

त्या दिवशी नाव सांगणं पुरलं नव्हतं. त्यांनी बादल्या खाली ठेवल्या होत्या. सावकाश, नीट. समोरच्याला कळावं म्हणून.

मी गोठ्याकडे गेलो.

दार सताड उघडं होतं. वाऱ्यानं बर्फ आत खोलवर गेला होता. खुंट्याच्या वरची फट रिकामी. शेवाळ जमिनीवर. आणि ते मलमाचं फडकं... नीट घडी करून, गव्हाणीच्या काठावर ठेवलेलं.

जन्मभर आणि मेल्यावरही ज्या उंबऱ्याच्या आत तो आला नव्हता, तिथं तो माझ्या मागून आला. मी त्याला रस्ता दाखवला. दोनदा.

बोल्ट कुठं आहे, मला माहीत नाही. रायफल त्या दिवशी कुओपियोत माझ्या कपाटात कुलुपात होती, अजून आहे. तिच्याविना त्यानं काय केलं असेल, हेही मला माहीत नाही. तो विचार मी करत नाही.

अंत्यविधीनंतर त्याच घरात कॉफी होती. सगळे गेले. आम्ही दोघंच उरलो. घर शांत होतं. हेल्का किती तरी वेळ रिकाम्या कपाशी खेळत बसली. मग तिनं माझा हात हातात घेतला. त्या शनिवारनंतर पहिल्यांदाच.

"एक सांगू? मी तुला फार बोलले तेव्हा. पण तू त्याच दिवशी तो बोल्ट तळ्यात टाकलास, हे फार चांगलं केलंस. तो या घराच्या आसपास कुठं असता ना, तर मी आज तुला कधीच माफ केलं नसतं."

तिचा हात गरम होता.

मी म्हणालो, "अजून कॉफी देऊ?"